छोट्या गावातली गिरणी: उभी करण्यापासून पुढच्या पिढीच्या हाती देईपर्यंत

दळणदार (धागा सुरू करताना)

लहान गावात पिठाची गिरणी काढायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो मोटर किती अश्वशक्तीची घ्यायची हा. पण यंत्र ही ह्या धंद्यातली सगळ्यात सोपी खरेदी आहे. गिरणी काढणाऱ्याची पुढची तीस-चाळीस वर्षं जातात ती दाणा पारखण्यात, ओलावा राखण्यात, दगडाला टाकी लावण्यात (म्हणजे छिन्नीने त्याचे चर पुन्हा धारदार करण्यात), धूळ आणि किडा आवरण्यात, हिशेब ठेवण्यात आणि सरतेशेवटी हे सगळं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देण्यात. ह्या धाग्यात ते तपशिलाने यावं अशी इच्छा आहे. माझा भर गव्हावर आहे, मक्याचं कुणी लिहिलं तर उत्तमच.

सुरुवात धान्यखरेदीपासून करतो, कारण नफा बराचसा तिथेच ठरतो.

गहू घेताना तीन गोष्टी मोजा: ओलावा, वजन आणि घाण. १३ टक्के ओलाव्याच्या १०० किलो गव्हात कोरडा माल ८७ किलो असतो, ११ टक्के ओलाव्याच्या गव्हात ८९ किलो. भाव एकच असेल तर पहिल्या पोत्यात तुम्ही दोन किलो पाणी गव्हाच्या भावाने जास्त घेतलंत, शिवाय तो गहू साठवणीत तापण्याची भीती वेगळीच. महिनोन्महिने ठेवायचा गहू १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावा.

वजनासाठी एक लिटरचं सरळ काठाचं भांडं पुरतं. दरवेळी सारख्याच उंचीवरून गहू सोडायचा, न हलवता, न ठोकता पट्टीने सपाट करायचा आणि तोलायचा. ७६० ते ८०० ग्रॅम भरला तर दाणा भरलेला आहे. ७२० च्या खाली गेला तर दाणा सुरकुतलेला, म्हणजे कोंडा जास्त आणि पीठ कमी.

घाणीसाठी प्रत्येक पोत्यातून मूठभर गहू काढून एकत्र करा आणि त्यातला एक किलो हाताने निवडा. खडे, काड्या, तुटका दाणा आणि किडका दाणा वेगवेगळे तोला. वरच्या पोत्यातला नमुना बघून गाडीभर माल घेणारे ह्यात फसतात.

टाकीची धार

दळणदारांनी क्रम बरोबर लावलाय. मी दगडाविषयी लिहितो.

छोट्या गिरणीत दोन घराणी दिसतात. एक जुन्या पद्धतीचं, आडव्या दगडांचं: खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. दुसरं एमरीच्या, म्हणजे कठीण खनिजाच्या कणांच्या, उभ्या दगडांचं. दोन्हींचा वेग सारखा नसतो आणि नवखे तिथे चुकतात. १.२ मीटर व्यासाचा आडवा दगड मिनिटाला १२० फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या काठाचा वेग सेकंदाला साडेसात मीटर होतो. ४०० मिलिमीटरचा उभा दगड ६०० फेऱ्यांनी फिरला तर काठाचा वेग साडेबारा मीटर. म्हणून लहान दगडाचं दळण लवकर तापतं आणि त्याच्यात दाणा सोडण्याचं प्रमाण फार सांभाळावं लागतं.

पुलीचं गणित सरळ आहे: मोटरच्या फेऱ्या गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले गिरणीच्या पुलीचा व्यास. मोटर १४४० फेऱ्यांची, तिची पुली १२५ मिलिमीटर, गिरणीची ३०० मिलिमीटर, तर गिरणी ६०० फेऱ्यांनी फिरेल. पट्टा थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन टक्के कमी मिळतात. जास्त दळण निघावं म्हणून मोटरची पुली मोठी बसवायचा मोह होतो. दगड बनवणाऱ्याने कमाल फेऱ्या लिहून दिलेल्या असतात, त्या कधीही ओलांडू नयेत. वेगाने फुटलेला दगड लोखंडी आवरणही फोडून बाहेर येऊ शकतो.

आता टाकी. दगडाच्या तोंडावर चर आणि चरांच्या मधल्या सपाट पट्ट्या असतात. दाणा कापायचा तो चराच्या धारेने, बारीक करायचा तो सपाटीने. चर एका बाजूला खोल आणि उभे, दुसऱ्या बाजूला उतरते होत सपाटीला मिळालेले असावेत. मधल्या भोकाजवळ दोन दगडांत दाणा मावेल एवढी फट, आणि तिथून काठाकडे ती कमी कमी होत जाते. काठावर दगड जवळजवळ टेकलेले दिसतात, पण टेकलेले नसतात. हा उतार नीट नसला तर दाणा मधेच चेंगरतो, तापतो, पीठ चिकट होतं.

टाकी गेली हे तारखेवरून ठरवू नका. खुणा अशा: दाण्याची सोड तीच असताना मोटरचा अँपिअर (ती किती वीजप्रवाह ओढते तो आकडा) चढतो, पीठ नेहमीपेक्षा गरम येतं, चिमटीत चोळलं तर रवाळ लागण्याऐवजी मऊ, तेलकट आणि चपटं लागतं, आणि कोंड्याच्या पापुद्र्याला पांढरं पीठ चिकटून राहतं. ह्यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या की दगड उघडा.

उघडल्यावर आधी सपाटी तपासा. सरळ लाकडी पट्टीला काव लावून ती दगडावर फिरवायची. जिथे लाल डाग पडतो तो उंचवटा. आधी उंचवटे उतरवायचे, मग चर खोल करायचे, आणि शेवटी सपाटीवर बारीक रेघा. उलट क्रमाने केलं तर चर ओबडधोबड होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. दगड हलक्या हातोडीने वाजवूनही बघा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर आहे आणि तो दगड पुन्हा चढवायचा नाही.

टाकी लावताना डोळ्याला चष्मा आणि नाकातोंडाला धुळीचा चांगला मास्क हवाच. नैसर्गिक दगडाच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साठते आणि तिने झालेली हानी भरून येत नाही. फडकं बांधून हे काम करू नये. टाकीनंतर पाच-दहा किलो कोंडा किंवा हलकं धान्य दळून ते टाकून द्या. नाहीतर पहिल्या गिऱ्हाइकाच्या पिठात कचकच जाते, आणि छोट्या गावात ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलेली असते.

नवखा

दोघांचेही आभार. गहू ओलवून दळावा की कोरडाच? दोन्ही सल्ले मिळतात.

ओलावा

दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. यंत्र कोणतं आणि पीठ कोणतं ह्यावर ते ठरतं.

रोलर गिरणीत, म्हणजे दगडाऐवजी लोखंडी रूळ असलेल्या गिरणीत, पांढरं पीठ काढायचं असेल तर ओलवावंच लागतं. पाण्याने कोंडा चिवट होतो, मोठ्या पापुद्र्यात निघतो, आणि आतला गाभा सुटा होऊन सहज फुटतो. तिथे ओलावा साधारण १५ ते १६.५ टक्क्यांपर्यंत नेतात. दगडाच्या गिरणीत कोंड्यासकट पीठ करायचं असेल तर एवढं पाणी नको. ओला गहू दगडाच्या चरात थापला जातो, चर बुजतात आणि दगड भाजतो. तिथे १२ ते १४ टक्के पुरे.

पाणी किती घालायचं ते असं काढा: हवा असलेला ओलावा वजा असलेला ओलावा, गुणिले गव्हाचं वजन, भागिले १०० वजा हवा असलेला ओलावा. १०० किलो गहू ११ टक्क्यांवरून १४ वर न्यायचा असेल तर ३ गुणिले १०० भागिले ८६, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर. हे पाणी एकदम ओतायचं नाही. गहू हलवत हलवत, झारीने किंवा फवाऱ्याने, दहा-पंधरा मिनिटं द्यायचं. मग झाकून ठेवायचं. कठीण गव्हाला १२ ते २४ तास, मऊ गव्हाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. तासाभरात दाणा वरून कोरडा दिसतो, पण पाणी अजून सालीतच असतं. घाई करून तेव्हाच दळलं तर कोंडा ओला, गाभा कोरडा, आणि पिठाच्या गुठळ्या.

ओलवण्याच्या हौदात रोज थोडा गहू तळाशी अडकतो आणि तिथेच बुरशी धरते. हौद रोज पूर्ण रिकामा करून पुसून कोरडा करायचा. बुरसा वास एकदा पिठात आला की तो घालवता येत नाही.

दळणदार

ह्यालाच जोडून पिठाच्या तापमानाचं लिहितो. पीठ बाहेर पडताना ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर उत्तम. ६० च्या वर जायला लागलं तर सोड कमी करा, फट तपासा, टाकी बघा. फार दाबून दळलं की स्टार्चचे कण फुटतात. असं पीठ मळताना पाणी जास्त पितं. काही गिऱ्हाइकांना तेच हवं असतं, पण ते ठरवून करावं, दगड बोथट झाला म्हणून नव्हे.

गरम पीठ लगेच पिशवीत भरून तोंड शिवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आतली वाफ थंड होऊन पिशवीच्या कडेला पाणी धरते, तिथे गुठळी होते आणि मग बुरशी. अमेरिकेत ऑलिव्हर इव्हान्स ह्या संशोधकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस गिरणीतली सगळी हलवाहलव यंत्रांवर आणली. त्यात पीठ पसरून, फिरवून थंड करणारं एक स्वतंत्र यंत्र होतं. त्याआधी तेच काम एक पोऱ्या दाताळ्याने करायचा. एवढ्या जुन्या काळापासून पीठ थंड करणं हा दळणाचाच भाग मानला गेलाय. छोट्या गिरणीत स्वच्छ, रुंद पेट्यांत पिठाचा पातळ थर करून दोन-तीन तास ठेवलं तरी पुरतं.

कोंड्यासकट दळलेल्या पिठात अंकुराचं तेलही असतं आणि ते तेल फोडणारी विकरंही (एन्झाइम). म्हणून हे पीठ पांढऱ्या पिठापेक्षा लवकर खवट होतं. थोडं दळा, वरचेवर दळा, आणि पिशवीवर दळल्याची तारीख घाला.

जमाखर्च

आता कागदावर येऊ. गिरणी चालवणाऱ्याने आधी ठरवायचं की तो दळून देणार की स्वतःचा गहू दळून पीठ विकणार. हे दोन वेगळे धंदे आहेत.

दळून देण्यात भांडवल यंत्राचं आणि जागेचं. दिवसातले तास हीच कमाईची मर्यादा. पीठ विकण्यात भांडवल गव्हात अडकतं. रोज ३०० किलो, महिन्याला २५ दिवस, दहा महिने पुरेल असा गहू हंगामात घेतला तर ७५ टन होतो. नुसता गहूच सुमारे ९६ घनमीटर जागा व्यापतो. पोती, फिरायची वाट आणि भिंतीपासून सोडायचं अंतर धरलं तर खोली त्याच्या दुपटीने तरी लागते. यंत्रावर सगळी पुंजी घालून हंगामात हात रिकामे राहणं, हे नव्या गिरण्या बंद पडण्याचं नेहमीचं कारण.

पिठाचा भाव काढताना उतारा, म्हणजे गव्हातून हाती येणारं पीठ, धरायला विसरू नका. १०० किलो गव्हातून निवडणीत २ किलो गेले, ९८ राहिले. न ओलवता दळलं तर उष्णतेने साधारण एक टक्का ओलावा उडतो आणि थोडं पीठ धुळीत जातं. हाती ९६.५ किलो येतं. म्हणजे वीज, मजुरी, पिशवी काहीही धरण्याआधीच किलोमागे साडेतीन टक्क्यांहून थोडा जास्त खर्च वाढलेला असतो.

विजेचं अनुमान कुणाला विचारू नका, मोजा. मीटरचा आकडा लिहा, १०० किलो दळा, पुन्हा आकडा लिहा. हे दर आठवड्याला एकाच जातीच्या गव्हावर करा. आकडा चढायला लागला की टाकी, पट्टा किंवा बेअरिंग ह्यांपैकी काहीतरी बिघडतंय.

दर १०० किलो दळणामागे ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाकायची. दगड, पट्टा आणि बेअरिंग हे खर्च अचानक आल्यासारखे वाटतात, पण ते टनावारी मोजता येतात.

चाळण

दळून देणाऱ्यांसाठी एक भर. धान्य आलं की गिऱ्हाइकासमोर तोला, पीठ झालं की पुन्हा समोर तोला, दोन्ही आकडे पावतीवर घाला. यंत्राच्या पोकळीत दरवेळी थोडं पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या दळणात जातं. एका धान्यावरून दुसऱ्यावर जाताना नव्या धान्याचं पहिलं किलो-दोन किलो वेगळं काढा. ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) चालत नाही अशा माणसाचं दळण गव्हाच्या गिरणीवर घेऊच नका, साफसफाई कितीही केली तरी. त्याला वेगळं यंत्र आणि वेगळी खोली लागते.

लोहचुंबक दगडाच्या आधी हवंच, आणि पीठ बाहेर पडतं तिथे दुसरं. रोज पुसायचं आणि काय सापडलं ते लिहायचं. एके दिवशी अचानक लोखंडाचे बारीक कण दिसले तर यंत्रातलाच एखादा भाग झिजतोय.

मक्याचं विचारलं होतं: मका आधी भरडून मग दळा. अख्खा मका गव्हाच्या फटीवर सोडला की दगडाला हिसके बसतात आणि धारा तुटतात.

टाकीची धार

धुळीविषयी अजून कुणी लिहिलं नाही, आणि ते राहून चालणार नाही.

हवेत तरंगणारं पीठ पेटतं, आणि बंद जागेत पेटलं तर स्फोट होतो. घनमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास धूळ त्याला पुरते. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये २ मे १८७८ रोजी वॉशबर्न ए मिल ही प्रचंड गिरणी अशीच उडाली. १८ माणसं गेली, शेजारच्या गिरण्याही पडल्या. रिकाम्या चाललेल्या दगडांची ठिणगी हे त्याचं कारण मानलं गेलं. मालक कॅडवॉलाडर वॉशबर्न ह्यांनी ती पुन्हा बांधली तेव्हा धूळ ओढून घेण्याची सोय मुद्दाम केली.

छोटी गिरणी ह्यातून सुटलेली नाही. पहिला स्फोट लहान असतो, पण त्याच्या हादऱ्याने तुळयांवरची, दिव्यांच्या आवरणांवरची साठलेली धूळ उडते आणि दुसरा स्फोट मोठा होतो. ०.८ मिलिमीटर जाडीचा थर खोलीभर बसला तरी तो धोकादायक मानतात. म्हणून:

हवेच्या झोताने सफाई करायची नाही, धूळ नुसती उडते. ओलसर फडकं, मऊ झाडू किंवा धुळीसाठी बनवलेला व्हॅक्युम वापरा. तुळया आणि खिडक्यांचे वरचे काठ आठवड्याला पुसा. वेल्डिंग करायचं असेल तर गिरणी बंद, खोली साफ, आणि काम झाल्यावर तासभर कुणीतरी तिथे थांबायचं. यंत्र आणि पत्र्याचे नळ जमिनीशी जोडलेले, म्हणजे अर्थिंग केलेले हवेत.

आणि दगड कधीही रिकामा चालवायचा नाही.

नवखा

हॉपर, म्हणजे दाणे ओतायचा वरचा पेटारा, रिकामा झाला हे माणूस जागेवर नसेल तर कसं कळणार?

टाकीची धार

जुन्या गिरण्यांत ह्यासाठी घंटा असायची. हॉपरमध्ये आडवा पट्टा, त्यावर दाण्याचं वजन. दाणे संपत आले की पट्टा सैल पडायचा आणि दोरीला बांधलेली घंटा फिरत्या भागावर आपटून वाजू लागायची. आज तेच काम पातळी ओळखणारा स्विच करतो: दाणा खाली गेला की भोंगा वाजतो, आणि तरीही कुणी आलं नाही तर मोटर बंद होते. पण स्विचवरही धूळ बसते. आठवड्यातून एकदा मुद्दाम हॉपर रिकामा होऊ देऊन तो स्विच चालतो का ते बघा, दोन दगडांमधली फट आधी मोकळी करून ठेवून.

ओलावा

किड्याचं थोडक्यात. पिठातला लाल भुंगेरा उबदार हवेत, ३० ते ३५ अंशांत, साधारण महिन्याभरात अंड्यापासून पूर्ण वाढतो. म्हणून यंत्राचे कोपरे, नळांची वळणं, उचलणीच्या पट्ट्याचा तळ हे सगळं दर तीन आठवड्यांनी उघडून साफ केलं की त्याची साखळी तुटते. महिना सव्वा महिना गेला की पुढची पिढी तयार. नळात जाळ्या धरून पीठ अडतं तेव्हा तो पिठाचा पतंग असतो, भुंगेरा नव्हे. किडा मारणाऱ्या फॉस्फिन वायूची धुरी परवाना असलेल्या माणसाशिवाय देऊ नका. तो वायू माणसालाही मारतो.

जमाखर्च

घरच्या धंद्याचं राहिलं.

गिरणी उभी करणारा बरंच काही कानाने आणि बोटाने करतो. दगडाचा आवाज ऐकून फट बदलतो, पीठ चिमटीत घेऊन सोड बदलतो. ते खरं कौशल्य आहे, पण ते वहीत येत नाही तोवर दुसऱ्याला देता येत नाही. रोजची एक ओळ पुरे: गव्हाची खूण, ओलावा, फटीच्या चाकाची खूण, अँपिअर, पिठाचं तापमान, किती किलो, किती तास. सहा महिन्यांत ह्या वहीवरून नवा माणूस दगड लावू शकतो. टाकी कुणी, कधी, किती टनांनी लावली ह्याचं वेगळं पान. बेअरिंगचे आणि पट्ट्यांचे क्रमांक भिंतीवर रंगाने लिहा, यंत्रावरच्या पट्टीवरचे पुसले जातात.

पैशाचं: घरातला जो कोणी गिरणीत काम करतो त्याला दरमहा ठरलेला पगार, आणि तो हिशेबात खर्च म्हणून धरलेला. गल्ल्यातून लागेल तसे काढायचे, ही सवय पहिल्या पिढीत निभते. दोन भावंडं आली की तिथेच भांडण सुरू होतं, कारण कुणी किती काढले ते कुणालाच माहीत नसतं. कामाचा मोबदला पगारातून, मालकीचा मोबदला वर्षाअखेरीच्या नफ्यातून. गिरणीत न येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वाटा असेल तर तो नफ्यात असतो, पगारात नसतो. जागा कुणाच्या नावावर आणि धंदा कुणाच्या नावावर हे वेगवेगळं लिहा. जागा घरातल्या एकाची आणि धंदा सगळ्यांचा असेल तर भाडंही लिहून ठरवा.

दळणदार

ह्यात क्रमाचं भान हवं. सूत्रं देताना आधी देखभाल द्यावी: टाकी, पट्टे, वंगण, सफाई. मग गिऱ्हाईक आणि वजनकाटा. मग धान्यखरेदी, आणि शेवटी बँकेची सही. बहुतेक ठिकाणी खरेदीवरच घोडं अडतं. वडील मुलाला यंत्र चालवू देतात, पण हंगामात गहू स्वतःच घेतात, आणि मुलाला चाळिशीपर्यंत दाणा पारखता येत नाही.

तोडगा असा: पहिल्या हंगामात एकूण खरेदीचा दहावा हिस्सा पुढच्या पिढीने एकटीने घ्यायचा. त्या पोत्यांवर वेगळी खूण, त्यांचा उतारा वेगळा लिहायचा. वर्षाअखेरीला दोन्ही ढिगांचे आकडे शेजारी ठेवायचे. चूक झाली तरी ती दहाव्या हिश्श्याएवढीच असते, आणि नेमकी कुठे झाली हे ओलाव्याच्या, वजनाच्या किंवा घाणीच्या रकान्यात दिसतं. पुढच्या हंगामात चौथा हिस्सा, त्याच्या पुढे निम्मा.

नवखा

लिटरचं भांडं आणि वही दोन्ही आजच घेतो. ओलावा मोजायचं यंत्र घ्यावं का, की दाताने दाणा फोडून कळतं?

ओलावा

दाताने कोरडा आणि ओला एवढंच कळतं, ११ आणि १३ मधला फरक कळत नाही. यंत्र घ्या. पण ते खरं दाखवतंय का ते वर्षातून दोनदा तपासा: १० ग्रॅम गहू भरड दळून १३० अंशांच्या भट्टीत दोन तास ठेवा, बंद डब्यात थंड करून तोला. जेवढं वजन घटलं त्याची टक्केवारी म्हणजे ओलावा. त्यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा लागतो. दाणा थंड असेल तर यंत्राचा आकडा चुकतो, म्हणून नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.